मनवेलपाड्याच्या दुकानाविरुद्ध सही

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५.
सकाळी साडेआठच्या बसने वसईला. शाळेच्या माजी विद्यार्थिनींचं संमेलन. आमच्या वर्गातल्या सात जणी आल्या, रोझलिन काठी घेऊन. प्रार्थना, भाषणं, जेवण. जेवणानंतर कॅथरिनने एका अर्जावर सह्या घेतल्या. मीही केली.
काय चुकलं : परत येताना बसमध्ये उन्हाची छत्री विसरले.
घरातलं : टाकीचा कॉक गळतोय. प्लंबर उद्या येतो म्हणाला.

एवढं लिहून मथुराबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून तिच्यावर हात ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. छत्री खरोखरच विसरली होती. पण त्या दिवशी जे चुकलं ते छत्रीचं नव्हतं, आणि हे त्यांना लिहितानाच ठाऊक होतं.

रोजनिशीची ही पद्धत सिस्टर जुलियानांची. वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीला त्यांनी प्रत्येक मुलीला एक वही दिली आणि फळ्यावर तीन मथळे लिहिले. काय घडलं, काय चुकलं, घरातलं. झोपण्याआधी तिन्ही लिहायचं. "सिस्टर, घरातलं कशाला?" असं कोणीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कारण नाहीतर तुम्ही सगळ्या रोज स्वतःबद्दलच लिहीत बसाल." वर्गातल्या बाकीच्या मुलींनी ती वही दिवाळीपर्यंत सोडून दिली. मथुराने सोडली नाही. आज त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि आगाशीच्या घरात त्यांच्या खोलीतलं एक कपाट नुसत्या वह्यांनी भरलं आहे. लग्नाच्या दिवशीचं पान आहे, मयूरच्या जन्माचं आहे, हरिश्चंद्र गेले त्या रात्रीचंही आहे. त्या पानावर तिसरी ओळ आहे : दूध नासलं.

बागायतदारांच्या घरातली मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकली याचं माहेरी फार कौतुक होतं. सासरही बागायतदारांचंच. केळीची वाडी, पानवेली, दारात विहीर. लग्न झालं तेव्हा उन्हाळ्यात सासूबाई पिकली केळी वाळवून सुकेळी करत आणि मथुरा त्यांच्या शेजारी बसून ती केळीच्या सुक्या सोपटात बांधत असे. पुढे विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं, पानवेली गेल्या, वाडीचा एक तुकडा विकावा लागला. हरिश्चंद्रांनी दोन-तीन धंदे करून पाहिले आणि १९९४ साली एका ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने परवाना काढून विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, बिअर शॉपी टाकली. तिथे तेव्हा चाळींवर चाळी उठत होत्या आणि रोज नवी माणसं राहायला येत होती. दुकान पहिल्या महिन्यापासून चाललं. त्यावर मयूरचं शिक्षण झालं, घरावर स्लॅब पडला, मथुराबाईंच्या हातात पाटल्या आल्या.

आणि मथुराबाईंनी त्या दुकानाचं नाव कधी तोंडावाटे काढलं नाही. घरात त्या नुसतं 'दुकान' म्हणत. रोजनिशीतही 'हे दुकानातून उशिरा आले' एवढंच. दोन वर्षांनी शाळेच्या पहिल्या संमेलनात रोझलिनने विचारलं, "काय गं, मिस्टर काय करतात?" तेव्हा मथुराबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "कोल्ड्रिंकचं दुकान आहे." रोझलिन म्हणाली, "मज्जा आहे तुझी, रोज लिंबू सोडा!" सगळ्या हसल्या. एकदा म्हटल्यावर ते दर वर्षी म्हणावं लागलं. आगाशी आणि मनवेलपाडा यांच्यामध्ये आख्खं स्टेशन येतं. पलीकडचं अलीकडे कोणाला कळत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली.

दुकानाचं एक काम मात्र त्या करत. बाटली गुंडाळायचे पेपर कापायचं. हरिश्चंद्र म्हणत, "माणूस बाटली घेऊन घरी जातो, वाटेत त्याला शेजारी भेटतो. त्याची लाज आपण झाकायची." मोठ्या बाटलीला अर्धं पान लागे. मथुराबाई दुपारी खाटेवर बसून आठवड्याचे पेपर कापत, शंभराच्या चळती करत, सुतळीने बांधत. देवाचा फोटो असलेलं पान त्या बाजूला काढत. निधनाच्या फोटोंचं पानही बाजूला. ती पानं फळीवर अंथरायला जात. शनिवारी हरिश्चंद्र गठ्ठा घेऊन जात. ड्राय डे आला की दोघं अर्नाळ्याला वाळूवर जाऊन बसत. वर्षातले ते तीन-चार दिवस मथुराबाईंना सणासारखे वाटत, कारण त्या दिवशी 'दुकान कसलं' हा प्रश्नच नसे.

हरिश्चंद्र नऊ वर्षांपूर्वी गेले. मयूर कामणच्या एका गोदामात मॅनेजर आहे. तो म्हणाला, दुकान काढून टाकू. त्याची बायको हेमांगी, बोळिंजची, बी. कॉम. झालेली, ती म्हणाली, "काढायचं कशाला? मी बसते." मथुराबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. घरची सून बिअरच्या दुकानात! पण मयूरच्या एकट्याच्या पगारावर घर भागत नव्हतं, आणि 'नको' म्हणायला जे कारण द्यावं लागलं असतं, ते देण्याइतकं तोंडही नव्हतं. परवाना वारसाहक्काने मथुराबाईंच्या नावावर झाला. त्यांनी जिथे दाखवल्या तिथे सह्या केल्या. हेमांगीच्या नावाने एक्साइजच्या ऑफिसातून 'नोकरनामा' निघाला. म्हणजे कायद्याने सासू मालक आणि सून तिची नोकर. हेमांगी हसली होती, "आई, पगार द्या हं."

रात्री जेवताना हेमांगी दुकानातलं सांगायला लागे. पूर्वी दहांतली नऊ गिऱ्हाइकं स्ट्राँगची मोठी बाटली मागायची, आता तसं राहिलं नाही. किंमत चढत गेली तशी कामगार माणसं बिअर सोडून देशीकडे, नाहीतर क्वार्टरकडे वळली. नव्या बिल्डिंगमधली तरुण मुलं टिन मागतात, माइल्ड मागतात, गव्हाची बिअर मागतात. नवी बिअर आणावी तर तिची तारीख लवकर उलटते, न आणावी तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं. हे सगळं ती भाजी निवडल्यासारखं सहज बोले. मथुराबाई ताटाकडे बघत म्हणत, "जेवताना नको ते." मग हेमांगी गप्प बसे. दर शनिवारी निघताना मात्र विचारी, "झाले का पेपर, आई?" आणि गठ्ठा उचलून नेई.

तर त्या रविवारी संमेलनात असं झालं.

जेवणं उरकली होती. कॅथरिन, त्यांच्या वर्गातली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, टेबलाशी उभी राहिली आणि तिने टाळी वाजवली.

"पोरींनो, हात धुतले का? आता चष्मे लावा. सह्या हव्यात."

"देणगी असेल तर माझी पर्स हरवली," रोझलिन म्हणाली.

"देणगी नाही गं. मनवेलपाड्यात एक बिअर शॉपी आहे. माझी भाची तिथे राहते. तिथल्या बायका आडवी बाटली करायची म्हणतायत. वॉर्डातल्या पंचवीस टक्के बायकांनी सही दिली की मतदान लागतं, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. त्यांच्या सह्या त्या गोळा करतायत. आपल्या मोजत नाहीत, पण पाठिंबा म्हणून अर्जाला जोडायच्या."

मनवेलपाड्यात काय एकच शॉपी आहे का, असं मथुराबाईंनी मनाशी म्हटलं, आणि विचारलं, "कोणती गं?"

"मेडिकलच्या शेजारची. शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी." कॅथरिनने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तुला नको असेल तर नको करू हं मथुरा. जबरदस्ती नाही."

त्या क्षणी बोलता आलं असतं. ते दुकान माझं आहे, एवढे चार शब्द. पण रोझलिन तोवर म्हणालीच, "ती कशाला नाही म्हणेल? तिचं कोल्ड्रिंकचं दुकान! बिअर बंद झाली तर हिचाच खप वाढेल!" आणि सगळ्या खो-खो हसल्या. कागद हातातून हातात येत मथुराबाईंपुढे आला. वर पाच सह्या होत्या. सहाव्या ओळीत त्यांनी लिहिलं : मथुरा हरिश्चंद्र राऊत, आगाशी. सिस्टर जुलियानांनी वळवून दिलेलं अक्षर, एकही काना तिरका नाही.

"अजून अक्षर काय सुंदर आहे बघा हिचं," रोझलिन म्हणाली.

त्यानंतर अकरा दिवस काही घडलं नाही. मथुराबाईंनी स्वतःला सांगितलं की असे अर्ज पुष्कळ होतात आणि पडून राहतात. वीस तारखेला, गुरुवारी, हेमांगी नेहमीपेक्षा लवकर घरी आली. एक्साइजच्या ऑफिसात बोलावलं होतं. जेवताना तिने मयूरला सांगितलं, "आपल्या दुकानाविरुद्ध अर्ज आलाय. आडव्या बाटलीचा."

"कोणी केलाय?"

"तिथल्या बायकांनी. सह्या तपासतील, मग ठरेल."

"ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! फ्रीज नवे घेतलेस तू दोन." मयूरने हात थांबवला. "कोणाकोणाच्या सह्या आहेत? कॉपी दिली असेल ना? बघू."

"दुकानातच राहिली."

मथुराबाईंनी फ्रीजजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. हेमांगीची पर्स तिथे होती आणि पर्समधून खाकी पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. हेमांगीने त्यांची नजर पाहिली. ती उठली, पर्स उचलून आत ठेवून आली आणि म्हणाली, "आई, आमटी वाढू?"

"वाढ," मथुराबाई म्हणाल्या.

सुनेला कळलं आहे, हे त्यांना कळलं. आणि सुनेने नवऱ्याशी खोटं बोलून त्यांना वाचवलं, हेही कळलं. आयुष्यभर त्यांनी स्वतः खोटं सांगितलं होतं. कोणी त्यांच्यासाठी सांगावं लागेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुढचे आठ-नऊ दिवस घरात सगळं तसंच चाललं, आणि तेच अवघड होतं. हेमांगी सकाळी त्यांना चहा देई, रक्तदाबाच्या गोळीची आठवण करी, ताकात मीठ कमी घाली. टोमणा नाही, धुसफूस नाही. तिने आदळआपट केली असती तर मथुराबाईंना रागावता तरी आलं असतं. त्या रोज ठरवत, आज बोलायचं. रोज रात्री वही उघडत आणि दुसऱ्या ओळीत काहीतरी लिहीत. चष्मा कुठे ठेवला आठवेना. मोलकरणीला उगाच बोलले. एकदा तर त्यांनी लिहिलं, 'विशेष काही नाही.' लिहिल्यावर ती ओळ त्यांनी खोडली. साठ वर्षांच्या वह्यांत खाडाखोड अशी फार थोडी होती.

शनिवारी, एक मार्चला, हेमांगी घाईत निघाली. कंपनीचा माणूस लवकर येणार होता. दार लागल्यावर मथुराबाईंना दिसलं, पेपरांचा गठ्ठा खुर्चीवर तसाच आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं नव्हतं.

त्यांनी साडी बदलली. गठ्ठा कापडी पिशवीत घातला, बसने विरारला गेल्या, पूल ओलांडताना दोनदा थांबल्या, आणि पलीकडे रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मनवेलपाडा." तो म्हणाला, "कुठे उतरायचं मावशी?" त्या म्हणाल्या, "बिअर शॉपीपाशी." रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं. शब्द तोंडातून निघाला आणि काही कोसळलं नाही.

दुकानासमोर उतरून त्यांनी वर पाहिलं. दुकान सुरू झालं तेव्हा पूजेला त्या एकदा आल्या होत्या. तेव्हा लोखंडी जाळी होती आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. आता काच होती, आत पांढरा उजेड. दारावर पाटी होती आणि पाटीवर दुकानाच्या नावाखाली नियमाप्रमाणे लिहिलेलं होतं : परवानाधारक, श्रीमती मथुरा हरिश्चंद्र राऊत. ठळक, लाल अक्षरांत. येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यापलीकडून वाचता यावं असं. नऊ वर्षं ते नाव तिथे होतं, आणि त्या आगाशीत बसून ते लपवत होत्या.

आत हेमांगी एका तरुण माणसाशी वाद घालत होती. त्याच्या हातात टॅब आणि गळ्यात कंपनीचा पट्टा होता.

"मॅडम, स्ट्राँगचे चाळीस क्रेट घेऊन ठेवा. एप्रिलमध्ये मिळणार नाहीत, नंतर मला शिव्या घालाल."

"गेल्या एप्रिललाही हेच म्हणालास, फेबियन. मग पावसाळ्यात मी वीस क्रेट घेऊन तारखा मोजत बसले. तेव्हा तू फोन उचलत नव्हतास."

"टार्गेट असतं ना मॅडम. वरचे आमची मान धरतात."

"तुझ्या वरच्यांना इथे एक दिवस गल्ल्यावर बसव. ज्याला नुसती चढायला हवी त्याला क्वार्टर स्वस्त पडते. ज्याला चव हवी तो टिन मागतो. मधल्यामध्ये तुझी मोठी बाटली माझ्या डोक्यावर. माइल्ड दे, बिनअल्कोहोलची झीरोवाली दे. ती मागितली की तुझ्याकडे स्टॉक नाही."

"झीरोवाली प्यायला बिअर शॉपीत कोण येतं मॅडम?"

"तू बघ फक्त."

तेवढ्यात ऑफिसची ओळखपत्रं गळ्यात असलेल्या दोन मुली आत आल्या. "दीदी, वो झीरोवाली आयी क्या?" "सादीवाली आहे, लेमन संपली." हेमांगीने दोन टिन काउंटरवर ठेवले. फेबियनने मान खाली घालून टॅबवर काहीतरी केलं. मथुराबाई दाराशीच उभ्या होत्या. मुलीने टिन उचलला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मथुराबाईंचा हात पिशवीत गेला. त्यांनी पेपरचं एक अर्धं पान काढून पुढे केलं.

मुलगी गोंधळली. "नहीं आंटी, रहने दो," म्हणून ती गोड हसली, आणि टिन हातात तसाच धरून दोघी बोलत बोलत रस्त्याला लागल्या.

"आई!" हेमांगी काउंटरबाहेर आली. "एकट्या आलात? पुलावरून?"

तिने त्यांना आत नेऊन स्टुलावर बसवलं. आणि तिथून मथुराबाईंना मागची फळी दिसली. खालपासून वरपर्यंत पेपरांचे गठ्ठे. सुतळीने बांधलेले, दुहेरी गाठ मारलेले. त्यांचीच गाठ. सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर मागच्या शनिवारचा पेपर होता. एकही सुटलेला नव्हता.

"हे वापरले नाहीस?"

हेमांगी घुटमळली. फेबियन टॅब काखेत मारून "मी जरा चहा पिऊन येतो, मॅडम" म्हणत सटकला.

"गिऱ्हाइकं आता पेपर घेत नाहीत, आई. पाच-सहा वर्षं झाली. जुने दोघे-चौघे घ्यायचे, तेही थांबले."

"मग दर शनिवारी न्यायचीस कशाला?"

"तुम्ही कापत होता म्हणून." तिने पदराने काउंटर पुसला, जो स्वच्छच होता. "मला वाटायचं, दुकानाशी तुमचं तेवढंच आहे. तेवढं तरी राहू दे."

मथुराबाईंना वाटलं, इथून उठावं आणि पहिली रिक्षा धरावी. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"हेमांगी, त्या अर्जावर माझी सही आहे."

"माहिती आहे."

"संमेलनात सगळ्या करत होत्या. मला सांगता आलं नाही की..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. "मी त्यांना कोल्ड्रिंकचं दुकान म्हणून सांगितलंय. एकोणतीस वर्षं."

हेमांगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, "ऑफिसात साहेबाने तो कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, 'परवाना यांच्या नावावर, आणि विरोधही यांचाच? घरात भांडण आहे का?' बाजूला चार माणसं होती. ती हसली. मी म्हटलं, नामसाधर्म्य असेल. साहेब म्हणाला, गावसुद्धा तेच? तरी मी म्हटलं, असेल. मी रोज वाट बघितली, आई. तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल. तुमची लाज मी किती दिवस गुंडाळू?"

मथुराबाईंनी फक्त विचारलं, "त्या बायका कुठे भेटतात?"

"उद्या चार वाजता. मागच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मलाही बोलावलंय. पण तुम्ही कशाला..."

"मी येणार."

रविवारी हॉलमध्ये तीस-पस्तीस बायका होत्या. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्याचा आवाज, कडेला पोरांची धावपळ. पुढच्या रांगेत आपल्या भाचीशेजारी कॅथरिन बसली होती. मथुराबाईंना हेमांगीबरोबर आत येताना पाहून ती उठायला लागली. मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

"मी मथुरा राऊत," त्या उभ्या राहून म्हणाल्या. आवाज बारीक निघाला, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं. "ती बिअर शॉपी माझ्या नावावर आहे. पाटीवर नाव आहे ते माझं. तिच्यावर माझं घर चाललं, मुलगा शिकला. आणि तुमच्या अर्जाला मी पाठिंब्याची सही दिली आहे. दुकान बंद व्हावं म्हणून दिली नाही. मैत्रिणींसमोर दुकान माझं म्हणायची लाज वाटली म्हणून दिली. ती सही मी परत घेते. तुमचा अर्ज चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. सही खोटी आहे, एवढंच म्हणते."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "आता सुनेने आणलं असेल धरून." आणखी एक हसली. मथुराबाई तरी बसल्या नाहीत.

एक ठेंगणी, कमरेला पदर खोचलेली बाई उठली. "आजी, ताईंशी आमचं भांडण नाय. ताई चांगल्या आहेत. पण दुकानामागच्या भिंतीला रात्री माणसं बसतात, बाटल्या फोडतात, तिथंच मुततात. पोरी ट्यूशनवरून येतात त्या रस्त्याने. तुम्ही आगाशीला झोपता. आम्ही इथं झोपतो."

"खरं आहे," मथुराबाई म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं. मी कधी आलेच नाही बघायला."

"मग अर्ज राहणार. मतदान लागलं तर लागलं."

"लागू द्या."

हेमांगी तेव्हा उठली. भिंतीमागे दिवा लावते, थंड मोठी बाटली आठनंतर सुटी विकणार नाही, म्हणजे कोणी तिथेच प्यायला बसणार नाही, असं तिने सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि अर्जही मागे घेतला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं.

बाहेर पायऱ्यांवर कॅथरिनने गाठलं. "अगं, मथुरा, मला ठाऊक होतं."

"काय?"

"दुकान तुझं आहे ते. भाचीकडे येते-जाते मी, पाटी वाचता येते मला. आणि खरं सांगू? पहिल्या संमेलनानंतर लवकरच रोझलिनलाही कळलं होतं. तिचा दीर तिथूनच घ्यायचा."

मथुराबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "मग कागद माझ्यापुढे कशाला ठेवलास?"

"तुला एकटीला वगळलं असतं तर सगळ्या बघत राहिल्या असत्या. म्हणून म्हटलं, नको करू. आणि तू केलीस! मला वाटलं, हिला मनातून दुकान नकोय, सुनेपुढे बोलता येत नसेल बिचारीला. मी तर तुझं धाडस मानलं." कॅथरिनने पर्समधून पेन काढून दिलं. "आता लेखी लिहून दे. तोंडी चालत नाही."

मथुराबाईंनी पायरीवर बसून, पर्सवर कागद ठेवून, चार ओळी लिहिल्या. 'मथुरा'तला काना तिरका गेला. त्यांनी तो तसाच ठेवला.

घरी येताना पूल चढायच्या वेळी हेमांगीने त्यांचा दंड धरला, आणि उतरल्यावरही लगेच सोडला नाही. जेवताना मथुराबाईंनी मयूरला सगळं स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू?" त्या दोन शब्दांनी त्यांना संमेलनातल्या त्या टेबलापेक्षा जास्त लाज वाटली.

रात्री त्यांनी वही उघडली.

रविवार, २ मार्च २०२५.
दुपारी हेमांगीबरोबर मनवेलपाड्याला, बायकांच्या सभेला. पाठिंब्याची सही लेखी मागे घेतली. अर्ज कायम. कॅथरिन भेटली.
काय चुकलं : मनवेलपाड्यात आमचं बिअरचं दुकान आहे. १९९४ पासून. मी ते लपवलं, आणि लपवण्यासाठी त्याच्याविरुद्ध सही केली. हेमांगीला चार माणसांत मान खाली घालावी लागली. नऊ फेब्रुवारीच्या पानावर छत्रीचं लिहिलं आहे, ते पुरेसं नाही.
घरातलं : खाटेखालचे पेपर काढले. रद्दीवाला मंगळवारी येतो. पेपरची कात्री स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्यांना दिली.